नटबोल्टाचा सातबारा

शेजाऱ्याने बांध कोरायला घेतला की काय करायचं, हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. दरवर्षी नांगराचं एक तास अलीकडे येतं, आणि दहा वर्षांनी तुमच्या सातबाऱ्यावरच्या दोन गुंठ्यांत त्याची ज्वारी डोलते. ही विद्या गाठीला बांधून तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या रेल्वे वर्कशॉपात चिकटलात असं समजू. तिथे शेत नाही, इंजिन आहे. बांध मात्र आहेत, अगदी प्रत्येक नळीला, तारेला आणि झाकणाला. ते कसे राखायचे, एवढंच सांगतो.

आधी आपण कोण ते नीट समजून घ्या. आपल्याकडे युनियन फुटते ती झेंड्याच्या रंगावरून. एकाच गेटवर तीन बोर्ड, आणि तिघांत फिटरही असतात नि हेल्परही. तिकडे युनियन फुटते हातातल्या हत्यारावरून. मशिनिस्टांची वेगळी, बॉयलरवाल्यांची वेगळी, इलेक्ट्रिशियनची वेगळी, पत्रेवाल्यांची वेगळी. (रेल्वेत पत्रेवाला पत्र्याइतकाच, किंबहुना जास्त, नळ्यांचा मालक असतो. नाव एक, वतन दुसरं. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.) थोडक्यात बारा बलुतेदार. आपल्या गावात सुताराने लोहाराच्या भात्याला हात लावला तर चार दिवस पारावर चर्चा झाली असती. तिकडे सुनावणी लागते.

तर तुम्ही मशिनिस्ट. इंजिनातला एक पंप उतरवायचा आहे. पंप तुमचा, वाद नाही. पण त्याच्या आड एक नळी आलीय. कपलिंग नाकासमोर, पान्हा हातात, दीड फेरा दिला की सुटेल. देऊ नका! पान्हा खाली ठेवा, हात दिसतील असे बाहेर काढा आणि फोरमनला हाक मारा. नळीवाला, म्हणजे तोच पत्रेवाला, शेडच्या दुसऱ्या टोकाला असेल, त्याचा चहा चालू असेल. तो येईल, नळी सोडेल, जाईल. नळीमागे तार असते. ती असतेच. आता इलेक्ट्रिशियन. मधल्या वेळात तुम्ही उलट्या बादलीवर बसून राहा, आणि कोणी हिणवलं तर मनाला लावून घेऊ नका. शेतात राखणदार तरी दुसरं काय करतो?

एवढं करूनही कोणी तुमच्या बोल्टाला हात लावलाच, तर भांडू नका. तारीख, वेळ, इंजिनाचा नंबर टिपून घ्या आणि दावा लावा: हे काम माझं होतं, मला बोलवायला हवं होतं, त्या वेळेचा पगार द्या. कंपनीने नाही म्हटलं की प्रकरण शिकागोला. 1934 च्या कायद्याने तिथे रेल्वेच्या तंट्यांसाठी एक राष्ट्रीय मंडळच बसवलं आहे, आणि त्याचा दुसरा विभाग खास वर्कशॉपातल्या कारागिरांचा. निम्मे सभासद कंपन्यांचे, निम्मे युनियनांचे. साहजिकच मतं समसमान पडतात, मग बाहेरचा पंच आणतात. दीड फेऱ्याचं कपलिंग, पण त्याचा कागद तुमच्या पोराच्या बारशापासून मुंजीपर्यंत पुरेल.

यातला गोडवा असा की ज्याने काम केलं त्याचा पगार तर झालेलाच असतो. तुमचा दावा मान्य झाला की एका कामाचे दोन पगार. युनियन पॅसिफिक रेल्वेत एका आयबीएम यंत्रावर तारबाबू आणि कारकून दोघांनी हक्क सांगितला. काम कारकुनांकडे गेलं होतं. मंडळाने फक्त तारबाबूंचा करार उघडला, वाचला आणि त्यांच्या बाजूने निकाल दिला. कारकुनांचा करार कपाटातच. 1966 साली सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की बाबांनो, दोघांनाही एकाच वेळी समोर बसवा, दोघांचेही कागद वाचा आणि एकदाच काय ते ठरवा. हे सांगायला सुप्रीम कोर्ट लागलं.

पण खरा त्याग शिकायचा तर सेंट लुईसच्या सुतारांकडून. कोणे एके काळी गिरणीची चाकं लाकडाची होती, म्हणून ती बसवणारा सुतार. पुढे लाकूड गेलं, लोखंड आलं. सुतार हलला नाही. यंत्रं बसवणं नि उतरवणं आमचंच, असं सुतारांची युनियन म्हणे आणि मशिनिस्टांची युनियनही तेच म्हणे. अॅनहायझर-बुश या बिअरवाल्या कंपनीने ते काम मशिनिस्टांना दिलं. सुतारांनी संप केला, गेटवर पाटी धरून उभे राहिले, आणि सभासदांना नि त्यांच्या मित्रांना कळवलं की या कंपनीची बिअर घेऊ नका. सुताराने बिअर सोडावी, यावरून प्रश्न किती गंभीर होता ते ओळखा. सरकारने युनियनचे अध्यक्ष हचसन आणि इतरांवर फौजदारी खटला भरला, तोही मक्तेदारीविरोधी कायद्याखाली. 1941 साली सुप्रीम कोर्टाने तो उडवला. संपाचा हेतू शहाणपणाचा की मूर्खपणाचा, स्वार्थाचा की परमार्थाचा, हे कोर्टाने तोलत बसायचं नसतं, असा त्या निकालाचा आशय. वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे. घरातही उपयोगी पडतं.

आता सगळ्यात मोठा धोका. तो शेजाऱ्याच्या नांगराचा नाही, एका शब्दाचा आहे: ‘आनुषंगिक’. 1969 च्या अखेरीस रेल्वे कंपन्या आणि चार कारागीर युनियन यांच्यात पगारवाढीचा करार ठरला. त्यात एक कलम घुसलं. चालू दुरुस्तीत तुमचं मुख्य काम पुरं करायला दुसऱ्या कारागिराचं थोडं आनुषंगिक काम करावं लागलं, तर ते तुमच्याकडून करून घेता येईल, तुम्हाला झेपत असेल तर. (म्हणून सांगतो, काही गोष्टी न येणंच बरं.) आनुषंगिक म्हणजे काय, तर तारा, नळ्या, झाकणं वगैरे सोडणं-जोडणं, काढणं-बसवणं. तिघांनी करार मान्य केला. पत्रेवाल्यांनी मतदानात पाडला.

आडमुठे म्हणून सगळे त्यांच्यावर तुटून पडले. तुम्हीही तुटून पडा, फक्त आधी ती यादी पुन्हा वाचा. मशिनिस्टाला नळी म्हणजे वाटेतला अडथळा. पण नळीवाल्याचा महिनाच्या महिना नळी सोडण्यात आणि जोडण्यात जातो. कलमात ज्याला किरकोळ म्हटलं होतं, ती त्याची अख्खी नोकरी होती. आणि शेजारी बॉयलरवाला उभा होता. वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आल्यावर ज्याचा बॉयलरच कोणी घेऊन गेला, त्याच्याकडे रोज बघत काम करणाऱ्या माणसाला बांधाची किंमत सांगावी लागत नाही.

शेवटी एप्रिल 1970 मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदाच करून तो करार चौघांवर लादला. कपलिंग कोणी फिरवायचं हे देशाच्या संसदेने ठरवलं, यापेक्षा मोठा मान पान्ह्याला कुठे मिळणार? साहेब लोकांनीही यातून शिकावं. जागा कमी करायच्या असतील तर ‘माणसं कमी करतो’ कशाला म्हणायचं? ‘लवचीकता’ म्हणायचं. उरलेली नळी कोणाची यावर दोघे एकमेकांची गचांडी धरतात, आणि तिसऱ्याची जागा भरलीच नाही हे विचारायला कोणाला सवड राहत नाही.

तर तो पंप अजून तिथेच आहे. आता नळी तुम्हीच सोडा, परवानगी आहे. फक्त घड्याळ जवळ ठेवा, कारण 1970 च्या त्या कलमात एक अट होती: आनुषंगिक कामाला मुख्य कामापेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर ते आनुषंगिक राहत नाही. पंपाला चाळीस मिनिटं लागत असतील आणि गंजलेली नळी एकेचाळिसाव्या मिनिटाकडे निघालीय असं दिसलं, तर पान्हा खाली ठेवा, हात पुसा आणि नळीवाल्याला हाक मारा.

तो अजून कामावर असला तर येईल.