रिकामी चाललीय ना गाडी?

गोव्यात कार्गो बाइक, म्हणजे सामान वाहायची सायकल, घेतोय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, अ‍ॅव्हरेज किती देते? आणि पायडल मारायचं आहे म्हटल्यावर समोरचा आवाज खाली आणून विचारतो, घरी सगळं बरं आहे ना?

मला फक्त बाजारहाट करायची होती हो. स्कूटरवर पायात सिलिंडर, मागे तांदूळ आणि हँडलला दोन्हीकडे भाजी लटकवून वळताना गुडघे कुठे ठेवायचे हाच प्रश्न पडायचा. मग शोधाशोध. पुढे मोठी पेटी असलेली डच बाकफीट्स दिसायला एकदम झकास, पण लांबी अडीच मीटरच्या आसपास, पुढचं चाक पेटीच्या पलीकडे, आपल्याला दिसतच नाही, आणि हँडल ते चाक मध्ये एक दांडा. सपाट हॉलंडात ठीक आहे, आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, वळणावर ती आडवी अडकली तर मिरवणूकच थांबायची. म्हणून लाँगटेल, मागे लांब कॅरिअरवाली. पायडलच्या मदतीला मोटर, तीही २५० वॅटच्या आतली, आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, त्यामुळे रजिस्ट्रेशन नाही, लायसन्स नाही. डिस्क ब्रेक मात्र हवेतच, आपल्याकडच्या पावसात रिम ब्रेक दाबणं म्हणजे नुसती देवाला विनंती.

सगळे रिव्ह्यू वाचून झाले पण कामाचं बोलला तो आमचा पोदेर. बांबूची टोपली मागे बांधून पों पों करत पहाटे पाव वाटणारा तो माणूस, कार्गो बाइक म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवायचं? गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "पात्रांव, पयलीं स्टँड पळयात." म्हणजे साहेब, आधी स्टँड बघा.

शंभर टक्के खरं. भरलेला सिलिंडर, आत गॅस १४.२ किलो आणि लोखंड धरून तीसच्या आसपास, एका बाजूला बांधला की साइड स्टँड हळूच मातीत रुतत जातो, गाडी झुकते, तुम्ही धरायला जाता आणि दुसऱ्या बाजूचे नारळ एकेक करून गटाराकडे निघतात. दोन पायांचा रुंद स्टँड, जड सामान खाली, हलकं वर, बस. एवढं जमलं की फर्मागुडीचा चढसुद्धा निघतो, घाम येतोच, पण निघतो.

खरा त्रास चढाचा नाहीच, शेजाऱ्यांचा आहे. "भाऊ, रिकामीच चाललीय ना गाडी?" या प्रश्नाला नाही म्हणायची सोय नसते, कारण कॅरिअर एवढं लांब की ते कायम रिकामंच दिसतं. गणेशचवथीला तर अख्ख्या वाड्याची माटोळी, गणपतीच्या वर टांगायची ती फळांची आरास, माझ्या कॅरिअरवर, सुपारीचे घोस, आंबाडे, काकड्या, आणि मागून एक वहिनी सांगतायत, सावकाश हां भाऊ, घोस तुटता नये. माझ्या कमरेबद्दल कुणी काही बोललं नाही.

आता काका विचारतायत मांडवाचे पत्रे जातील का. मी गाडीची लांबी सांगितली, त्यांनी पत्र्यांची. तीन-चार फूट बाहेर येतील. म्हणाले, येऊ देत, टोकाला लाल फडकं बांधू.