काळ्या द्राक्षांची पांढरी वाईन

गेल्या सप्टेंबरात, ऐन तोडणीत, फ्रान्सच्या शॅम्पेन भागात, रेंस शहराजवळच्या व्हर्झने गावात एका बागायतदार बाईंकडे गेलो होतो. त्यांनी पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचा काळाभोर मणी माझ्या तळहातावर चिरडला. रस जवळजवळ पाण्यासारखा. रंग सगळा सालीत असतो, म्हणून शॅम्पेनसाठी अख्खे घड हातानेच तोडायचे आणि हलक्या दाबाने पिळायचे. ४,००० किलोंतून २,५५० लिटरच रस घेता येतो, जास्त नाही.

मग त्यांनी २०१२ची बाटली उघडली. फिकट सोनेरी रंग, सुईच्या अग्राएवढे बुडबुडे, ताज्या पावाच्या खरपूस कडेचा वास. घोट गिळल्यावर जिभेवर लाल फळांचा भरदारपणा रेंगाळला. निव्वळ पांढऱ्या द्राक्षांच्या शॅम्पेनमध्ये तो मला कधी मिळालेला नाही. त्या वर्षी आधी दहिवर गोठलं, मग गारा, मग ‘मिल्दियू’ हा बुरशीचा रोग, बाई सांगत होत्या. मला ऐकू आलं ते आमच्या निफाडचं ‘डाऊनी’. पीक थोडंच आलं, पण ऑगस्टच्या उन्हाने तारलं.

जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर भांडण आहे. वाईन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याचं भलं होईल, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू अण्णा हजारेंनी तेव्हा दिलेल्या उपोषणाच्या इशाऱ्याची आठवण देते.

मला पहिल्या बाजूचा युक्तिवाद पटत नाही. वाईन दारूच आहे. फ्रान्समध्ये १९९१च्या कायद्यापासून दारूच्या जाहिरातींवर कडक बंधनं आहेत आणि जाहिरातीत आरोग्याचा इशारा द्यावाच लागतो, शॅम्पेनलाही. त्यामुळे तिथला बागायतदार बुडालेला नाही. गावात बाटली आडवी करणाऱ्या बायांचा राग मला समजतो, त्यांना ‘ही दारू नाही’ म्हणून समजावणं मला अपमानास्पद वाटतं.

पण शेतकऱ्याचं भलं म्हणायचं, तर दराचं बोला. शॅम्पेन भागातली सुमारे ९० टक्के बाग बागायतदारांच्या मालकीची आहे, आणि १९४१पासून त्यांचे प्रतिनिधी मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीने एका संस्थेत बसतात. आमच्याकडे एका हंगामात व्यापारी माल उचलून पसार झाला. वडील दोन वर्षं पैशांसाठी खेटे घालत होते. वाईन कुठल्या फळीवर ठेवायची यावर गावभर बोलणं झालं, यावर मात्र नाही.

निघताना बाटलीमागची चिठ्ठी वाचली. द्राक्षं तोडल्याचं वर्ष, गाळ काढल्याची तारीख, बाईंचं नाव, गावाचं नाव. वडिलांच्या पेट्यांवर नाव नेहमी व्यापाऱ्याचं असायचं.