प्लॅन वाढवून मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही

नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरून फिरून येतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: घर मोठं आहे आणि मागच्या खोलीत वायफाय मिळत नाही, तर आधी जास्त स्पीडचा प्लॅन घ्या. मग जास्त अँटेनांचा राउटर आणा. तरी एखादा कोपरा उरला तर रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, लावा, नाहीतर सरळ मेश, म्हणजे घरभर ठेवायचे एकमेकांशी जोडलेले डबे, घ्या. राउटरच्या मागे अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा. आणि हो, वायरी ओढायचा जमाना गेला.

वन बीएचके फ्लॅटमध्ये यातलं काहीही केलं तरी चालून जातं, कारण तिथे मुळात अडचणच नसते. दोन मजली बंगला, कोकणातलं चिऱ्याचं घर किंवा जुना वाडा असेल तर मात्र या क्रमाने गेल्यास पैसे जातात आणि वरच्या खोलीतलं चक्र फिरतच राहतं.

प्लॅनपासून सुरुवात करू. १०० किंवा ३०० एमबीपीएस हा आकडा घरापर्यंत येणाऱ्या फायबरचा आहे. राउटर ते मोबाइल हा टप्पा वेगळा, आणि मोठ्या घरात अडतं ते तिथेच. ओळखायला पैसे लागत नाहीत. राउटरच्या शेजारी उभं राहून स्पीड टेस्ट करा, मग मागच्या खोलीत जाऊन करा. शेजारी पूर्ण आकडा आला आणि मागे चार-पाच एमबीपीएस, तर प्लॅन तिप्पट केल्यावरही मागे चार-पाचच मिळणार. शिवाय गरज किती असते? नेटफ्लिक्स स्वतः फोर-के साठी १५ आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरेसे म्हणतं. चार-पाच माणसांच्या घराला १०० एमबीपीएस सहसा पुरून उरतात.

यात आणखी एक मेख आहे. बऱ्याच स्वस्त राउटरांच्या खोक्यावर १२०० असा भरदार आकडा असतो. तो वायफायच्या दोन पट्ट्यांचे, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, मिळवून गोल केलेला असतो, तोही कागदोपत्री. आणि मागची वायरची पोर्टं? ती अनेकदा १०० एमबीपीएसची. अशा राउटरवर ३०० चा प्लॅन घेतला तर टेस्ट ९४-९५ च्या पुढे सरकत नाही, आणि तक्रार जाते इंटरनेटवाल्याकडे.

आता अँटेना. आठ अँटेना म्हणजे आठपट पल्ला, असा समज दुकानदारालाही सोयीचा असतो. एकाहून अधिक अँटेना असतात त्या मुख्यतः एकाच वेळी डेटाचे अनेक प्रवाह पाठवायला, आणि बहुतेक मोबाइल एका वेळी दोनच प्रवाह घेतात. राउटरची ताकद म्हणाल तर तिला कायद्याची मर्यादा आहे, आणि ताकद दुप्पट केली तरी मोकळ्या मैदानात पल्ला वाढतो जेमतेम १.४ पट. त्याहून मोठी अडचण उलट दिशेची आहे. राउटरचा आवाज मोबाइलपर्यंत गेला, पण मोबाइलचा क्षीण आवाज राउटरपर्यंत परत जायला नको का? दोन-तीन काड्या दिसतात आणि पान उघडत नाही, त्यामागे बरेचदा हेच असतं.

अँटेनांबद्दल एक फुकटची गोष्ट मात्र या सल्ल्यात कधीच नसते. दांडीसारखी अँटेना आपल्या बाजूंना चहूकडे लहरी फेकते, टोकाच्या दिशेने फार कमी. सगळ्या दांड्या उभ्या ठेवल्या की खालचा मजला व्यवस्थित आणि वरचा उपाशी. एखादी आडवी करून बघा.

खरा शत्रू भिंत आणि स्लॅब. अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौथाईवर येतो, हे मोकळ्या जागेत. मध्ये चिऱ्याची जाड भिंत आली, तीही पावसाळ्यात ओल धरलेली, तर हिशोब पार बिघडतो, कारण पाणी या लहरी शोषून घेतं. वाड्याच्या दोन-दोन फुटी भिंतींचंही तसंच. स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा यांच्या पाठीमागे तर सावलीच पडते. आणि लहर भिंतीतून तिरकी गेली की तिला भिंत आणखी जाड पडते. फायबरवाला घरात शिरतो तो दर्शनी कोपऱ्यातून आणि डबा तिथेच ठोकून जातो. म्हणजे मागच्या खोलीपर्यंत तीन भिंती, त्याही तिरक्या. ५ गिगाहर्ट्झ तिथे आधी मान टाकतं. २.४ जरा लांब जातं, पण त्यावर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारचे सगळे त्यावरच.

रिपीटर हा एकच माणूस निरोप आधी ऐकणार आणि मग पुढे सांगणार, अशातला प्रकार. ऐकताना त्याला बोलता येत नाही. एकाच चॅनेलवर दोन्ही कामं केल्याने वेग साधारण अर्ध्यावर येतो. त्यात लोक तो लावतात जिथे सिग्नल मेला आहे तिथेच. मग तो पुढे सांगणार काय? अर्ध्या वाटेवर लावला तर भाड्याच्या घरात तात्पुरतं भागतं. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलसाठी त्याच्यावर विसंबू नका.

मेशला मी नावं ठेवणार नाही. पण मेशचे डबे एकमेकांशी बोलतात तेही हवेतूनच, त्याच भिंतींतून. आपसातल्या बोलण्यासाठी वेगळा पट्टा राखलेला मेश बरा चालतो, आणि डबे जिन्याच्या तोंडाशी ठेवले तर स्लॅब थोडा टळतो. बहुतेक डब्यांना मागे वायरचं पोर्ट असतं. ते वापरलं की मेश खरा कामाला येतो. एका डब्यावरून दुसऱ्यावर कधी उडी मारायची, हे शेवटी मोबाइल ठरवतो. डबे त्याला फक्त सुचवू शकतात.

फॉइलची गंमत निराधार नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये धातूचा थर दिलेला, घराच्या नकाशाबरहुकूम वळवलेला परावर्तक दाखवला होता. तो एका बाजूला सिग्नल वाढवतो आणि दुसऱ्या बाजूला घटवतो. एकूण ताकद तेवढीच राहते. स्वयंपाकघरातली फॉइल अंदाजाने वाकवली तर घटणारी बाजू कुठली, हे नशिबावर.

उरली वायर, जिचा जमाना म्हणे गेला. साधी कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते, आणि तिला मध्ये किती भिंती आहेत याच्याशी देणंघेणं नसतं. वरच्या पॅसेजच्या छतावर वायरने आलेलं इंटरनेट वायफायवर पसरवणारा एक अ‍ॅक्सेस पॉइंट आणि त्याच केबलमधून वीज देणारा पीओई स्विच खाली राउटरसोबत इन्व्हर्टरवर, एवढं केलं की लाइट गेल्यावरही वरचं वायफाय चालू राहतं. जुना राउटरही या कामी येतो. फक्त तो अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, नाहीतर घरात दोन वेगळी नेटवर्कं होतात आणि प्रिंटर एका बाजूला, लॅपटॉप दुसऱ्या बाजूला, असा घोळ होतो. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच, चॅनेल वेगळे.

केबल घेताना सीसीए लिहिलेली घेऊ नका. ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम असते. ब्लेडने खरवडली की आत चंदेरी दिसते. लांब अंतरावर ती दगा देते आणि पीओईची वीज नेताना तापते. विजेच्या वायरींच्या पाइपातून तिला नेऊ नका, वेगळी पट्टी मारा. आणि अंगण ओलांडून आउटहाउसकडे किंवा गोठ्यावरच्या कॅमेऱ्याकडे जायचं असेल तर तांबं नकोच. वळवाच्या आणि परतीच्या पावसात जवळपास वीज पडली की अशा केबलच्या दोन्ही टोकांची पोर्टं जळू शकतात. तिथे धातूची तार नसलेलं फायबर टाकावं, दोन्ही टोकांना फायबर आणि साधी नेटवर्क केबल जोडून देणारे मीडिया कन्व्हर्टर.

भिंत फोडायची नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण डिशची केबल ज्या भोकातून आत आली तिथून बरेचदा आणखी एक जाते, आणि जिन्याच्या कडेने मारलेली पांढरी पट्टी आठवड्याभरात कुणाच्या डोळ्यांत येत नाही. बांधकाम अजून चालू असेल तर काम आणखी सोपं. प्लास्टरच्या आधी वायरमनला सांगून फायबर जिथून येणार तिथपासून प्रत्येक मजल्याच्या पॅसेजपर्यंत आणि टीव्हीच्या भिंतीपर्यंत २५ मिलिमीटरचा रिकामा पाइप टाकून घ्या, आत ओढायची तार सोडलेली असू द्या.