क्लोज-अपला झूम नको, कॅमेरा जवळ न्या

मालिकेतला प्रसंग मनाला भिडला नाही की आपण नटाला किंवा संवादांना नावं ठेवतो. माझं ठाम मत आहे की कॅमेरा नटापासून किती लांब उभा होता, हे आधी पाहावं.

फुल-फ्रेम सेन्सरवर (३६ × २४ मिमीच्या) चेहरा आणि गळा भरेल असा क्लोज तीन प्रकारे मिळतो. २४ मिमी लेन्स (मिमीचा आकडा लहान तेवढी लेन्स जास्त रुंद भाग दाखवते) साधारण ३५ सेंमीवर, ८५ मिमी १.२ मीटरवर किंवा २०० मिमी २.८ मीटरवर. चेहरा तिन्हींत तेवढाच मोठा, पण अनुभव वेगळा. ३५ सेंमीवर नाक पुढे येतं, कान मागे जातात, बघणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. २.८ मीटरवरून चेहरा सपाट होतो, मागची भिंत अंगावर आल्यासारखी दिसते आणि आपण लांबून कुणाचं तरी बोलणं चोरून ऐकतोय असं वाटतं. हा फरक लेन्सचा नाही, अंतराचा आहे. म्हणूनच झूम आणि ट्रॉली (म्हणजे चाकांवरून कॅमेराच पुढे नेणं) एकमेकांच्या जागी चालत नाहीत. झूमने चित्र फक्त मोठं होतं, तर ट्रॉलीने प्रेक्षक स्वतः जवळ जातो.

मल्टिकॅममध्ये, म्हणजे एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी शूट करताना, खरी पंचाईत होते. समोरासमोरचे दोन कॅमेरे एकमेकांच्या फ्रेममध्ये येऊ नयेत म्हणून बाजूला सरकतात. मग नटाची नजर लेन्सपासून दूर जाते, एकच डोळा नीट दिसतो आणि भावना अर्धी पोचते. महत्त्वाच्या दोन-तीन वाक्यांपुरता तरी एकच कॅमेरा लावावा आणि समोरच्या नटाला लेन्सला खेटून बसवावं. वेळ जातो, हे मान्य. पण त्या वाक्यांसाठीच तर सगळा प्रसंग लिहिलेला असतो!

दोघांच्या क्लोजमध्ये लेन्स, अंतर आणि उंची सारखी ठेवा. एकाला ५० आणि दुसऱ्याला ८५ लावली, तर कारण नसताना एकाचं पारडं जड होतं. लाइन, म्हणजे दोन नटांना जोडणारी काल्पनिक रेषा, जिच्या एकाच बाजूला कॅमेरे ठेवतात, ती ओलांडायचीच असेल तर चालू शॉटमध्ये, प्रेक्षकाच्या देखत ओलांडा. नुसत्या कटने ओलांडली की दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात.

फोकसबद्दल एवढंच. ८५ मिमीवर १.२ मीटरला एफ १.४ (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) ठेवलं तर जेमतेम दीड-दोन सेंमी खोली शार्प राहते. नट श्वास घेताना हलला तरी डोळे सॉफ्ट, म्हणजे धूसर होतात. एफ ४ वर सुमारे ५ सेंमी मिळतात. रडण्याच्या प्रसंगात नट पुढे-मागे होणारच, तेव्हा लाइट वाढवा आणि एफ ४ वर जा.