स्पंजातले जिवाणू, आठ दिवस आणि आत्तीची सलाईन

गेल्या आठवड्यापासून कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: समुद्री स्पंजात (खडकाला चिकटून राहणाऱ्या एका साध्या प्राण्यात) कॅन्सर बरा करणारे जिवाणू असतात, कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये ते आठ दिवसांत वाढवता येतात, पण औषध कंपन्या हे दाबून ठेवतात. मला तो आतेभावानं पाठवला. आत्तीला रक्ताचा कॅन्सर आहे आणि मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. खाली त्यानं एवढंच लिहिलं होतं, "तुझ्या लॅबमध्ये करून देशील का गं?"

आधी 'आठ दिवसांत'. हे मी स्वतः करून पाहिलंय. परवानगी काढून रत्नागिरीच्या खडकांवरचा बोटभर स्पंज बर्फाच्या डब्यातून आंबा घाटानं वर आणला, निर्जंतुक समुद्रपाण्यात धुतला, खलात वाटला आणि पातळ करून आगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटींवर पसरला. दोन दिवसांत प्लेटी भरल्या, पण भराभर पसरणाऱ्या चिकट वसाहतींनी. मला हवे होते ते अ‍ॅक्टिनोमायसीट्स, म्हणजे औषधी रसायनं बनवण्यासाठी प्रसिद्ध असलेले सावकाश वाढणारे जिवाणू. ते चौथ्या आठवड्यात दिसले: आगरमध्ये रुतलेला, खडूच्या भुकटीसारखा एक ठिपका, सुईनं खरवडला तरी सुटेना. तोवर निम्म्या प्लेटी बुरशीनं खाल्ल्या होत्या आणि उरलेल्यांतला आगर वाळून कडा सोडत होता. सॅलिनिस्पोरासारख्या समुद्री अ‍ॅक्टिनोमायसीट्सना तर समुद्राचं किंवा तसंच खारं पाणी लागतं. शिवाय स्पंज जगतो पाणी गाळून. उगवलेला जिवाणू त्याच्या अंगातला रहिवासी की पाण्याबरोबर आलेला, हे वेगळं तपासावं लागतं.

आणि वाढतात तरी किती? ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका स्पंजाचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्लेटवर उगवले ते एकूण जिवाणूंपैकी ०.१ ते ०.२३ टक्के.

'कॅन्सर बरा करणारे' हे तर धोक्याचं आहे. स्पंजातले काही जिवाणू पेशी मारणारी जबर रसायनं बनवतात, हे खरं. थिओनेला स्वीनहोई या स्पंजातला एन्टोथिओनेला हा जिवाणू तसाच. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची जनुकं वाचली, तीही त्याला प्लेटवर न वाढवता. पण पेशी मारणारं रसायन निरोगी पेशीही मारतं. केमोनं आधीच प्रतिकारशक्ती गेलेल्या माणसाला लॅबमधलं जिवाणूंचं पाणी पाजणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. मी ते करणार नाही, कुणीच करू नये.

राहिलं 'दाबून ठेवलंय'. १९५० च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ वर्नर बर्गमन यांनी फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजातून वेगळ्या धाटणीचे न्यूक्लिओसाइड (डीएनएच्या घटकांसारखे रेणू) काढले. त्या रेणूंच्या रचनेवरून पुढे सायटाराबिन हे कॅन्सरचं औषध तयार झालं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते रासायनिक पद्धतीनं बनतं, जिवाणू वाढवून नव्हे. रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही सर्रास दिलं जातं.

आतेभावाला मी आत्तीच्या सलाईनच्या बाटलीचा फोटो मागवला. लेबलावरच्या 'सायटाराबिन'भोवती लाल गोल काढून परत पाठवला. ते सात दिवस अखंड द्यायचं आहे. आज पाचवा दिवस.