नोकरी गेली तर ६० दिवस, लग्न मोडलं तर शून्य

लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं. मागच्या रविवारी इथे अमेरिकेत मुलाला मराठी शाळेत सोडायला गेले तर पार्किंगमधे एक मुलगी भेटली, नाशिककडची, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, एच-४ वर आलेली. बोलता बोलता म्हणाली, ताई माझा डिव्होर्स पुढच्या महिन्यात फायनल होतोय, पण व्हिसाचं टेन्शन नाहीये, माझ्या आय-९४ वर (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) अजून दीड वर्षाची तारीख आहे. माझ्या पोटात खड्डा पडला. २०२२ मधे मी पण असंच मानून चालले होते, त्याच विश्वासाने.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एच-४ हा नवऱ्याच्या (किंवा बायकोच्या) एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर लटकलेला व्हिसा आहे, त्याला स्वतःचा जीव नाही. आय-९४ वर काहीही तारीख असो, पासपोर्टात स्टँप कितीही लांबचा असो, ज्या दिवशी कोर्टाचं फायनल जजमेंट येतं त्या दिवशी तुम्ही कायद्याने बायको राहत नाही आणि त्याच दिवशी एच-४ स्टेटस संपतं. एच-४ वर काढलेला ईएडी, म्हणजे नोकरी करायचा परवाना, पण गेला, म्हणजे दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन लॅपटॉप उघडणं हे सुद्धा बेकायदेशीर काम. नुसतं वेगळं राहताय, केस चालू आहे, तोपर्यंत लग्न कायद्याने जिवंत आहे आणि एच-४ पण. सगळा खेळ त्या एका तारखेचा आहे.

मला हे कधी कळलं? फायनल हिअरिंगच्या ११ दिवस आधी! आणि माझ्या वकिलाकडून नाही. त्यांनी घर, बँक खाती, पोटगी, मुलाच्या शाळेच्या सुट्ट्या कुणाकडे, सगळं विचारलं पण तू कुठल्या व्हिसावर आहेस हा प्रश्न एकदाही विचारला नाही. फॅमिली कोर्टाचे वकील वेगळे आणि इमिग्रेशनचे वेगळे, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही, आणि मधे आपण उभे. मला सांगितलं ते आमच्या मंडळातल्या एका काकूंनी, गणपतीच्या जेवणाची भांडी आवरताना, त्यांच्या भाचीचं असंच झालं होतं म्हणून. त्या रात्री मी झोपले नाही. सकाळी इमिग्रेशन वकिलाला फोन लावला, त्याने पहिलं वाक्य हेच म्हटलं की तारीख पुढे ढकला.

आता माझा खरा मुद्दा. एच-१बी वाल्या माणसाची नोकरी गेली तर २०१७ पासून त्याला ६० दिवसांपर्यंतची मुदत मिळते, आणि त्याच्यामुळे त्याच्या बायकोला पण मिळते. दुसरी कंपनी शोधा, नाहीतर आवरा आणि निघा. मग लग्न मोडलं तर? शून्य. एक दिवस सुद्धा नाही, कारण तो नियम फक्त नोकरी सुटण्यापुरता लिहिलाय. म्हणजे कंपनीने काढलं तर सरकार म्हणतं ठीक आहे, दोन महिने घे. आणि सात वर्षं घर चालवलेल्या, इथल्या शाळा-डॉक्टर-टॅक्स सगळं निभावलेल्या बाईला संध्याकाळी कोर्टातून बाहेर पडतानाच स्टेटस नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते मोठ्याने म्हणणार. माझी आतेबहीण इंग्लंडमधे लेस्टरला आहे, नवऱ्याच्या व्हिसावर, तिकडे लग्न मोडलं की होम ऑफिसला (तिथलं व्हिसाचं खातं) कळवावं लागतं आणि मग व्हिसा कापून साधारण ६० दिवसांवर आणतात. ते सुद्धा कमीच आहेत, पण निदान सामान भरायला वेळ आहे.

आणि मूल असेल तर काय होतं ते ऐका. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा, इथे जन्मलेला, अमेरिकन नागरिक. लोक म्हणतात मुलगा सिटिझन आहे ना मग तुला काय प्रॉब्लेम. अहो तो २१ वर्षांचा होईपर्यंत आईच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकत नाही! आणि न्यूजर्सीत आई-बाप वेगळे झाले की दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला राज्याबाहेर कायमचं हलवता येत नाही. म्हणजे इमिग्रेशन म्हणतं तू निघ आणि फॅमिली कोर्ट म्हणतं मूल इथेच राहील. या दोन वाक्यांच्या मधे एक आई चिरडते. माझी आई सांगलीहून फोनवर म्हणायची, सोड सगळं आणि ये इकडे. तिला कसं सांगू की मी येऊ शकते, तो नाही.

तारीख दोन महिने पुढे गेली. तेवढ्यात मी मास्टर्सला ॲडमिशन घेतली, कॉलेजकडून आय-२० (ॲडमिशनचं व्हिसासाठीचं पत्र) आणला, भावाने पैशांची कागदपत्रं पाठवली, आणि एफ-१ साठी, म्हणजे विद्यार्थी स्टेटससाठी, आय-५३९ हा स्टेटस बदलायचा फॉर्म डिक्रीच्या (डिव्होर्सच्या फायनल जजमेंटच्या) आधी भरला. आधी, हा शब्द लक्षात ठेवा, स्टेटस जिवंत असताना अर्ज पोचलेला हवा. नोकरी सोडावी लागली, दीड वर्ष एका खोलीत दोघं राहिलो, पण राहिलो. दुसरा एक रस्ता बऱ्याच जणींना माहीतच नसतो: आधी कधी स्वतः एच-१बी वर असाल, एच-१बीच्या दरवर्षीच्या लॉटरीत मोजलं गेलं असेल आणि एच-१बीला मिळतात त्या सहा वर्षांतली काही शिल्लक असतील, तर परत लॉटरीत जावं लागत नाही, कंपनी मिळाली की अर्ज करता येतो. आणि एच-४ वर काढलेली वर्षं त्या सहात धरत नाहीत. मुलगा झाल्यावर एच-१बी सोडून एच-४ वर आलेल्या किती मुली आहेत आपल्यात, जुनी कागदपत्रं फेकू नका गं.

ग्रीन कार्डाच्या लाईनीत असाल तर अजून वाईट. आपल्या लोकांची रांग दहा-दहा वर्षांची, नवऱ्याच्या अर्जाबरोबर तुमचा आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) पेंडिंग, आणि कार्ड मंजूर व्हायच्या आधी डिव्होर्स झाला तर तुमचा अर्ज तिथेच पडला, त्याचा चालू. कार्ड हातात आल्यावर झाला तर कार्ड राहतं. काही नवऱ्यांना हे चांगलं माहीत असतं आणि ते भांडणात वापरतात, मी ऐकलंय हे माझ्या कानांनी.

छळ होत असेल तर गप्प बसू नका. एच-४ वरच्या बायकोला त्या कारणाने स्वतःचा वर्क परमिट मागता येतो, आय-७६५व्ही म्हणून फॉर्म आहे, २०१७ पासून. त्याने ग्रीन कार्ड मिळत नाही, पण हातात स्वतःचे पैसे येतात. नवरा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर व्हॉवा (छळ झालेल्यांसाठीचा कायदा) खाली ग्रीन कार्डासाठी स्वतःचा अर्ज करता येतो, नवऱ्याला न कळवता. पण त्यात एक गोष्ट: तो अर्ज मंजूर व्हायच्या आधी दुसरं लग्न केलं तर अर्ज फेटाळतात. मंजूर झाल्यावर करा.

आता दुसऱ्या लग्नाचं, कारण डिव्होर्स झाला की सहा महिन्यांत नातेवाईक स्थळं घेऊन येतात. मला पण आलं होतं, टेक्ससचा मुलगा, एच-१बी वर, निरोप असा की पटकन करून टाकू म्हणजे तुला लगेच एच-४ मिळेल. कागदावर खरं आहे, नव्या नवऱ्याच्या एच-१बी वर नवा एच-४ मिळतो, मूल १८ च्या आत असताना लग्न झालं तर ते सावत्र मूल म्हणून पण बसतं. पण मधे स्टेटस तुटलं असेल तर नव्या लग्नाने ते आपोआप जोडलं जात नाही, साधारणपणे भारतात जाऊन व्हिसाचं स्टँपिंग करूनच परत यावं लागतं. आणि खरं सांगू, मला परत कुणाच्या व्हिसावर लटकायचं नव्हतं. मी नाही म्हटलं, आई महिनाभर बोलली नाही माझ्याशी. सिटिझनशी लग्न केलं तर स्टेटस नसलेला मधला काळ बऱ्याचदा माफ होतो, कायदेशीर एंट्री असेल तर, पण लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच मिळतं आणि लग्न खरं होतं हे परत दाखवावं लागतं. लेस्टरवाल्या बहिणीने परत लग्न केलं तर तिकडे कायमचं राहायला लागणाऱ्या पाच वर्षांचा काटा पुन्हा शून्यावर, आणि नव्या अर्जाला उत्पन्नाची अट २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड.

दोन गोष्टी घरच्यांसाठी, कारण या चुका घरचेच करतात. पहिलं लग्न दोनच महिने टिकलं, कुणाला कळणार, फॉर्मवर अविवाहित लिहू. नका करू. व्हिसाच्या फॉर्मवर आधीच्या नवरा-बायकोची माहिती विचारतात, खोटं पकडलं गेलं तर कायमची बंदी लागू शकते. दुसरं, अमेरिकेतली डिक्री भारतात आपोआप चालत नाही. १९९१ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेलं असेल आणि परदेशातल्या कोर्टात एकाने परस्पर डिव्होर्स घेतला, दुसरी बाजू हजर नाही, तिची संमती नाही, तर भारतात तो धरायचा नाही. म्हणजे इकडे अमेरिकेत घटस्फोटित आणि तिकडे भारतात अजून बायको. अशात दुसरं लग्न लावलं तर ते लग्नच टिकत नाही, मग त्यावरचा व्हिसा कुठून टिकणार.

त्या नाशिकच्या मुलीच्या वकिलाने तारीख पुढे ढकलायचा अर्ज सोमवारी दिलाय. कॉलेजला बँक स्टेटमेंट हवंय, तिचे बाबा एसटीतून रिटायर झालेत, काल त्यांचा मला फोन आला होता, एफडी मोडली तर चालेल ना ताई, का पैसे तिच्या नावावर असायला लागतात. मी म्हटलं काका, तुमच्या नावावर असले तरी चालतात, फक्त तुमचं पत्र लागेल. तर म्हणाले इंग्रजीत मला जमणार नाही, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. आज रात्री बसणार आहोत फोनवर.