'रडगाणं' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. गल्फच्या नोकरीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "दादा, हे रडगाणं आता पुरे. पगाराला टॅक्स नाही, राहणं फुकट, सिडकोत घर बांधलंत ना? कॉन्ट्रॅक्ट न वाचता सही करायची आणि मग कंपनीला नावं ठेवायची. ग्रॅच्युइटीचा हिशोबही चुकलाय." दोन दिवस गप्प बसलो, पण राहवत नाहीये.

आधी माझी चूक. युएईत ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, पहिल्या दिवसापासून वर्षाला ३० दिवसांच्या पगाराइतकी मिळते असं मी लिहिलं होतं. तसं नाही, पहिल्या ५ वर्षांना वर्षाला २१ दिवस आणि पुढच्या वर्षांना ३० दिवस. तुमचं बरोबर, लेखात दुरुस्त केलंय, आभार.

पण रडगाणं? हा शब्द तुम्ही कशावरून वापरलात ते मला खरंच कळलेलं नाही. मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत ४ वर्षं फिटर होतो, २००९ ला अबुधाबीला गेलो आणि २०२० ला परत आलो, म्हणजे ११ वर्षं मुसफ्फा या तिथल्या कारखान्यांच्या भागात, कामगारांच्या कॅम्पमध्ये, एका खोलीत ८ जण, वर-खाली पलंग, कपडे वाळत घालायचे तेही पलंगाच्या दांडीवर. तुम्ही म्हणता ते फुकट राहणं हेच. यातलं अर्धंसुद्धा मी लेखात लिहिलं नव्हतं, कारण मला रडायचं नव्हतं. तुम्ही वाचलात ना पूर्ण लेख? की नुसतं हेडिंग वाचून लिहिलंत?

आता काढलाच आहे विषय तर सांगतो. २०१४ मध्ये माझे वडील गुरुवारी रात्री गेले. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. तिथल्या कायद्यात कामगाराचा पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं बेकायदेशीर आहे, तरी आमच्या कंपनीत सगळ्यांचे ठेवलेले होते. तेव्हा तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, ऑफिसला कुलूप, पीआरओ (कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस) फोन उचलेना. रविवारी सकाळी पासपोर्ट हातात पडला. रात्रीचं विमान, मुंबईहून टॅक्सी, कसारा घाट, सोमवारी नाशकात पोचलो तर अग्नी चुलतभावाने शुक्रवारीच दिलेला, अस्थी तेवढ्या माझ्यासाठी थांबवल्या होत्या. बाहेरगावचे लोक गाडी करून अस्थी घेऊन रामकुंडावर येतात ना, मी लहानपणापासून बघत आलो त्यांना, आणि त्या दिवशी मी पंचवटीत वाढलेला माणूस हातात बॅग घेऊन त्यांच्यासारखाच उतरलो. आई एक शब्द बोलली नाही मला. हे मी आजपर्यंत कुठे लिहिलं नव्हतं, तुमच्यामुळे लिहितोय, आणि याला तुम्ही रडगाणंच म्हणणार असाल तर मग तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही, स्पष्ट सांगतो.

सुरुवातीला दादा म्हणायचं आणि पुढच्याच शब्दात असा टोला मारायचा, ही कुठली पद्धत? मुद्दा पटला नाही तर नाही म्हणा, मी ऐकून घेतो. एखाद्याच्या ११ वर्षांना एका शब्दात उडवून लावायचं नसतं.

घराबद्दल, हो बांधलं. मग?

कॉन्ट्रॅक्टचं म्हणाल तर मी वाचलं होतं. मुंबईत एजंटकडे सही केली तो कागद वेगळा आणि तिकडे उतरल्यावर पुढे आला तो वेगळा. पगार एकूण तोच २६००, पण बेसिक फक्त १४०० दिरहम आणि बाकी सगळं अलाउन्समध्ये ढकललेलं, आणि ग्रॅच्युइटी धरतात शेवटच्या बेसिकवर. म्हणजे ११ वर्षांचे २८५ दिवस, साडेनऊ महिने, हातात आले १३,३०० दिरहम. एकूण पगारावर धरले असते तर २४,७०० झाले असते. दहावी पास मुलांच्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स (कामासाठी देशाबाहेर जायची सरकारी परवानगी) लागत नाही, त्यामुळे आयटीआयची पोरं जातात तेव्हा सरकारी ऑफिसात त्यांचा कागद कोणी तपासत नाही, हे तुम्हाला माहीत होतं का? आणि नाही वाचला म्हणता, परत जायला पैसे नाहीत, डोक्यावर एजंटचं कर्ज, अशा वेळी वाचून तरी काय करणार होतात तुम्ही? सांगा ना.

टॅक्स नाही म्हणता. नाही भरला, खरंय. पण ११ वर्षं पीएफपण नाही कापला. पीएफच्या पेन्शनला १० वर्षं नोकरी लागते, माझी भरतात ४. परत आलो तेव्हा वय ४१, अंबडमध्ये दोन ठिकाणी सांगितलं की गल्फचा एक्स्पिरियन्स आम्ही धरत नाही. हे लेखात होतं, तिसऱ्या पॅराग्राफमध्ये, त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही.

जाऊ नका असं मी कोणाला म्हणालेलो नाही, परत एकदा वाचा. सातपूर आयटीआयची दोन मुलं आज संध्याकाळी ऑफर लेटर घेऊन घरी येतायत. त्यांना पहिलं विचारणार आहे, बेसिक किती लिहिलंय.